कुठं गेल्ता?

आमच्या आरोग्य केंद्रात नवीन सिस्टर रुजू झाल्या, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या माझ्या औषधांच्या खिडकीपाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, इथली माणसं जरा वेगळी आहेत का हो?"

"का? काय झालं?"

"मी विचारते, काय होतंय. तर म्हणतात, 'कुठंच गेल्तो न्हाई.' एका आजोबांना विचारलं, खोकला किती दिवस आहे? तर म्हणाले, 'बेलापूरला गेल्तो, पर मुक्कामी न्हाई ऱ्हायलो.' मी बेलापूरचं विचारलंच नव्हतं!"

मला हसू आवरेना. आधीच्या मेहरून सिस्टर निवृत्त होऊन गेल्या, पण त्यांनी लावलेली सवय अजून गावाच्या तोंडातून गेलेली नाही. कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठावर आमचं गाव. तिथल्या माणसांना वर्षानुवर्षं आजारी पडल्यावर पहिला प्रश्न एकच ऐकू आला : "कुठं गेल्ता?" काय दुखतंय, ताप कधीपासून, हे सगळं नंतर. शेवटी शेवटी लोक विचारायची वाटच बघेनासे झाले. ओटा चढतानाच उत्तर देऊन मोकळे होत.

मेहरून सिस्टर अंगानं भरदार होत्या आणि आवाजानं त्याहून भरदार. इकडून हाक मारली की नदीपलीकडची म्हैस चरायची थांबून मान वर करायची, असं गावात म्हणत. माहेर राहुरीचं, सासर आमच्याच गावातलं. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर आणि खांद्याला एक खाकी पिशवी. पिशवीत बोट टोचायच्या सुया, काचपट्ट्या, तपासणीचे किट आणि संत्र्याच्या गोळ्या. ज्याचं बोट टोचलं त्याला गोळी मिळालीच पाहिजे, मग तो बालवाडीतला असो की तालुक्याच्या ठाण्यातला साहेब. एकदा एका फौजदारानं ती गोळी नको म्हणून बाजूला सारली. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, रडायला आलेलं दिसतंय, खाऊन घ्या." साहेबांनी निमूट खाल्ली.

प्रश्नामागं त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते त्या कुणालाही, विचारलं नसतानाही, सांगत. "डासाला पंख हायेत, पर तो शिवार सोडून लांब जात न्हाई. मानसाला पंख न्हाईत, पर तो एका जागी बसत न्हाई. मलेरियाला एका गावावरनं दुसऱ्या गावाला जायाला गाडी लागती. ती गाडी म्हंजी आपन." मग समोरच्याच्या छातीवर बोट ठेवून विचारायच्या, "तर ही गाडी कुठं गेल्ती?"

गंमत अशी, की लोकांच्या प्रवासाची एवढी चौकशी करणाऱ्या या बाईंनी स्वतः कधी फारसा प्रवास केला नव्हता. त्यांना गाडी लागायची. स्कूटीवर काही होत नसे. गावात, वाड्यावस्त्यांवर त्या तिच्यावरूनच फिरत, बैलगाडीच्या वेगानं. पण एसटीच्या काचा दिसल्या की पदरातून लिंबू बाहेर यायचं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांची नेमणूक राजूरकडच्या डोंगरात झाली होती. घाटातल्या प्रत्येक वळणाची आठवण त्या इतक्या तपशिलानं सांगायच्या, की ऐकणाऱ्यानं जेवण पुढं ढकलावं. बदली मिळून सासरी आल्या त्या इथंच रुजल्या. नगरला मीटिंग असली की आदल्या संध्याकाळपासून उपाशी. बाकी जग त्यांना रुग्णांच्या तोंडून कळायचं. मुंबई त्यांनी पाहिली नव्हती, पण तिथल्या कुठल्या भागात इमारतींची कामं चालू आहेत आणि तिथून आलेला माणूस केव्हा तापतो, हे त्यांना ठाऊक असे.

"सिस्टर, एकदा तरी कुठं जाऊन या की," मी म्हणायची.

"अनिता, समदेच गेले तर इचारायचं कुनी?"

या प्रश्नानं भानगडीही पुष्कळ झाल्या. शिर्डीहून भाविकांना घेऊन गाड्या नेणारा एक ड्रायव्हर आमच्या गावचा. तो अंगात कसकस म्हणून आला, शेजारी बायको. सिस्टरांनी विचारलं, "कुठं गेल्ता?"

"त्र्यंबकेश्वराला. भाडं होतं."

"तिथनं?"

"तिथनं घरी."

"आन् ह्या मानेची सालटी त्र्यंबकेश्वराच्या उन्हानं निघाली? पायताणात रेती कुठली? खरं सांगा, न्हाई तर भलतीच गोळी दिली जाईल."

ड्रायव्हरनं बायकोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शेवटी जमिनीकडं बघून सांगितलं, मित्रांबरोबर कोकणात समुद्रावर गेला होता. बायकोनं पुढं काय केलं ते मी लिहीत नाही. रक्तात काही सापडलं नाही. घरात मात्र बरंच सापडलं. सिस्टरांना मी म्हटलं, "कशाला संसारात काडी घातलीत?" तर शांतपणे म्हणाल्या, "मी काडी न्हाई घातली, मी सुई घातली."

दुसरं वेड माशांचं. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून केंद्रामागच्या हौदात आम्ही ते पाळत असू. सिस्टर दुधाच्या किटलीत मासे घेऊन गावभर हिंडायच्या. ज्याच्या दारात पाणी साठलेलं दिसेल त्याच्या पाण्यात ओंजळभर सोडायच्या, विचारणं वगैरे काही नाही. एका म्हातारीनं दूध समजून किटलीत भांडं बुडवलं होतं, तेव्हाचा आरडाओरडा मी खिडकीतून ऐकलाय.

सरपंच बाळासाहेबांनी नदीकाठी नवा बंगला बांधला आणि पुढं कारंजं केलं. कारंज्याचं उद्‌घाटन झालं, पाणी उडालं आणि त्याच दुपारी सिस्टरांनी किटली आत पालथी केली. बाळासाहेब धावत आले. "सिस्टर, अहो मी रंगीत मासे मागवलेत! हे काळे चिंगुरटे कशाला?"

"रंगीत मासं पाव्हन्यांना दाखवायला. ह्ये कामाला."

बाळासाहेब माणूस वाईट नव्हता. थोडा फुगलेला होता इतकंच. आणि त्या फुग्याची दोरी त्याच्या आईच्या हातात होती. गयाबाई काकी, सत्तरीच्या, हडकुळ्या, गावातल्या भजनी मंडळाच्या पुढारी. सिस्टरांची आणि त्यांची जुनी दोस्ती. बाळासाहेबांच्या दोन्ही लेकी सिस्टरांच्याच हातावर जन्मलेल्या.

आता खरी गोष्ट सांगते. ही कोरोनाच्या आधीची.

रस्त्याचं काम निघालं होतं आणि त्यावर आलेली झारखंडची माणसं बाळासाहेबांच्या बंगल्यापलीकडच्या पडीक रानात पालं ठोकून राहिली होती. त्यांना येऊन वर्ष उलटलं होतं. सिस्टर दर आठवड्याला तिथं जायच्या, बोटं टोचायच्या, संत्र्याच्या गोळ्या वाटायच्या. आल्या आल्या त्या सगळ्यांची तपासणी झाली होती आणि त्यानंतर कुणाच्या रक्तात कधी काही निघालं नव्हतं. त्यांच्यात सुगनी नावाची एक मुलगी होती. वीस-बावीस वर्षांची, खडी वाहायची. पहिलं मूल पोटातच गेलेलं. आता पुन्हा दिवस राहिले होते आणि भरतही आले होते. सिस्टरांनी तिला खडी वाहणं बंद करायला लावलं होतं आणि मुकादमाला सांगून ठेवलं होतं, की बाळंतपण आपल्या केंद्रात, दुसरीकडं कुठंही नाही.

दिवाळी झाली आणि सुगनीला ताप आला. थंडी वाजून, दात वाजवत. सिस्टरांनी तपासलं, तर मलेरिया. पालांवरच्या आणखी तीन-चार माणसांतही तोच निघाला. मी औषधं काढून दिली. पोटुशी बाई म्हणून सुगनीची वेगळी काळजी. आपल्याकडं मलेरिया झालेल्या इतरांना जी दोन आठवड्यांची गोळी देतात, ती अशा बाईला चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हिला अजिबात हलवायचं नाही, रोज नजरेसमोर पाहिजे.

पण बातमी गावात पोचली होती. गावात दोघा-तिघांना ताप निघाला आणि जो तो म्हणू लागला, "पालावाल्यांनी आणला."

ग्रामसभा भरली. मी आणि सिस्टर आरोग्य केंद्राच्या वतीनं एका बाजूला बसलो होतो. बाळासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "हे बघा, कुनाशी वैर न्हाई. पर गावची लेकरं आजारी पडायला लागली. मुकादमाला सांगितलंय, येत्या रविवारपर्यंत पालं उठवायची. पार नेवाश्याकडं न्या न्हाई तर कुठंबी."

सिस्टर उठल्या. "सुगनीला दिवस भरलेत. ट्रकच्या पाठीमागं बसवून न्यायची का तिला? वाटंत काय झालं म्हंजी?"

"तुमी दोन दिस दवाखान्यात ठेवा की."

"दोन दिसानी काय पोर चालायला लागतं?"

लोक हसले. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आन् एक सांगा. ती वर्षभर ह्या शिवाराबाहीर गेली न्हाई. कुठं गेल्ती, म्हनून मी तिला दर आठवड्याला इचारती. ताप तिनं आनला कुठनं? पालात बसून?"

"त्यांची मानसं येत-जात असत्याल."

"कोन न्हाई आलं. म्या बघती ना. म्हंजी गावातनं कुनीतरी बाहीर जाऊन आलंय. कोन गेल्तं? हात वर करा."

कुणीच हात वर केला नाही. आणि मला सांगायला हवं, कुणी खोटंही बोलत नव्हतं. सिस्टरांनी तोवर गावातल्या प्रत्येक तापकऱ्याला विचारलं होतं आणि प्रत्येकानं सांगितलं होतं, "कुठंच न्हाई."

सिस्टर हरल्यासारख्या खाली बसल्या. बाळासाहेबांनी सभा आटोपती घेतली आणि जाता जाता म्हणाले, "बरं, आनी एक. रविवारी आमच्या आईचं मावंदं हाय. लेकी आल्यात, पाव्हनं आल्यात. समद्या गावानं जेवायला यायचं. चूल कुनी पेटवायची न्हाई."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. तीर्थयात्रा करून आलं की गावजेवण घालतात, त्याला मावंदं म्हणतात. त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. लोक यात्रेकरूंच्या पाया पडतात, आणलेलं गंगाजळ पूजतात, मग पंगत बसते. भजनी मंडळाची एक बस दसऱ्याच्या आधी काशी करून जगन्नाथपुरीला जाऊन आली होती. दिवाळीला लेकी माहेरी आल्या की मग मावंदं, असं ठरलं होतं.

सिस्टर एकदम ताठ झाल्या. अर्धं गाव उठून चाललं होतं. तेवढ्यात तो आवाज आला, म्हशींना थांबवणारा.

"बाळासाहेब! आई कुठं गेल्ती तुमची?"

बाळासाहेब गोंधळले. "कुठं म्हंजी? काशी-जगन्नाथाला. तुमीच तर गाडीम्होरं नारळ फोडायला हुता."

"मंग मगाशी हात का न्हाई वर केला?"

"अहो, ते काय कुठं जानं हाय का? देवाला गेल्ती ती!"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. आमच्या गावात 'कुठं जाणं' म्हणजे पाव्हण्याकडं जाणं, कामाला जाणं, कोर्टात जाणं, बाजाराला जाणं. देवाला जाणं हे त्यात धरतच नाहीत. आणि देवाकडून आलेल्या माणसाला कुणी 'कुठून आलात' असं विचारत नाही. त्याच्या पाया पडतात. यात्रेतल्या बायका दिवाळीच्या आधीच ताप घेऊन केंद्रात आल्या होत्या, सिस्टरांनी विचारलं होतं, त्या मनापासून 'कुठंच न्हाई' म्हणाल्या होत्या. आणि ज्यांनी स्वतःच्या हातानं बसपुढं नारळ फोडला होता, त्या मेहरून सिस्टरांनीही मान डोलावून, बोट न टोचताच, पॅरासिटामॉल द्यायला सांगितलं होतं.

"अल्ला!" सिस्टरांनी कपाळाला हात लावला. चष्मा खाली पडला. "सगळ्या दुनियेला इचारत फिरले आन् ही एवढी मोठी बस माझ्या डोळ्यांसमोरनं गेली!"

तिथून आम्ही तडक गयाबाई काकींकडं गेलो. काकी ओसरीवर गोधडी पांघरून बसल्या होत्या. बाहेर चांगलं ऊन होतं.

"काकी, थंडी वाजती?" सिस्टर शेजारी टेकल्या.

"म्हातारपन बाई."

"एक दिस आड वाजती का?"

काकींनी मान हलवली. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "मेहरून, कुनाला बोलू नगंस. काशीहून आल्यावर आजारी पडलं, म्हंजी लोक म्हनत्यात यात्रा फळली न्हाई. देवानं पदरात घेतली न्हाई. म्या कुनाला दाखवलंच न्हाई. गोळी खाती आन् बसती."

"गाडी वाटंत कुठं थांबली हुती का?"

हे विचारल्यावर काकींच्या चेहऱ्यावर रंग आला. बस ओरिसातल्या जंगलात बंद पडली होती, कुठल्याशा शाळेच्या पडवीत मुक्काम पडला, रात्रभर भजन केलं, देवानं राखलं. डास? डास तर असे की टाळ वाजवायला हात मोकळा मिळेना.

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग त्या बंगल्यापुढं गेल्या. कारंजं बंद होतं. मावंद्याच्या रंगरंगोटीसाठी बाळासाहेबांनी काळे चिंगुरटे काढून टाकले होते, रंगीत मासे अजून यायचे होते आणि मधल्या काळात पाणी तसंच हिरवं होऊन राहिलं होतं. त्यात अळ्या वळवळत होत्या. पलीकडं हाकेच्या अंतरावर पालं. मधे भिंतसुद्धा नाही.

"बघ," सिस्टर म्हणाल्या. "जंगलातनं ताप काकी घिऊन आल्या. कारंज्यातला डास काकींना चावला. मंग तो गेला सुगनीकडं. आन् आपन सुगनीला हाकलतोय."

आता प्रश्न असा, की यात्रेकरूंचं रक्त घ्यायचं कसं? बाळासाहेबांनी साफ नकार दिला. "मावंद्याला सुई? देवाकडून आलेल्या मानसांचं रगात काढायचं? सिस्टर, तुमी आमच्या घरच्या हाय म्हनून ऐकून घेतो."

सिस्टर त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. पुन्हा काकींच्या गोधडीशेजारी बसल्या. "काकी, देव भेटला का न्हाई?"

"भेटला की. डोळं भरून बघितला."

"मंग झालं. देव भेटला आन् डासबी भेटला. दोन्ही खरं. डास चावला म्हनून देव भेटल्याचं खोटं हुतंय का? आन् त्या पोरीचं पयलं लेकरू पोटात गेलंय, काकी. तिला ट्रकमधी घालून रविवारी लावून देत्यात."

काकींनी गोधडी घट्ट ओढून घेतली.

रविवार उजाडला. मांडव पडला, आचाऱ्यानं बुंदी पाडली, पंगतीची पहिली फेरी बसायला आली. पालांवर सामान बांधून झालं होतं. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता आणि सुगनी एका बोचक्यावर बसून होती. मी आणि सिस्टर पिशवी घेऊन मांडवाच्या दाराशी उभ्या. बाळासाहेबांनी आमच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

यात्रेकरूंची ओळ बसली. लोक पाया पडायला पुढं झाले. तेवढ्यात गयाबाई काकी उठल्या. गोधडी नव्हती, पण दात वाजत होते हे मला लांबून दिसलं. मांडवाच्या दाराशी आल्या आणि सगळ्यांदेखत हात पुढं केला.

"घे गं मेहरून. आधी माझं."

"आई, बस खाली!" बाळासाहेब ओरडले.

"तू गप. ताप म्या आनलाय गावात. त्या पोरीला हाकलायचं आसंल, तर मलाबी त्याच ट्रकमधी बसीव."

बुंदीची परात घेऊन उभा असलेला वाढपी तसाच उभा. सिस्टरांनी काकींचं बोट टोचलं आणि थेंब घेतला. मग पिशवीतून संत्र्याची गोळी काढून त्यांच्या तोंडात घातली. काकी ती चघळत म्हणाल्या, "मावंद्याचा पयला घास झाला माझा. आता बाकीच्यांनी बोटं काढा. रक्त दिल्याबिगर कुनाला बुंदी वाढायची न्हाई."

पुढारीणबाईंनी सांगितलं म्हटल्यावर भजनी मंडळ मागं कसं राहील? रांग लागली. सिस्टर टोचत होत्या, मी किट लावत होते, वाढपी प्रत्येकाचं बोट बघून पानात बुंदी टाकत होता. एक म्हातारे टाळकरी दोनदा येऊन उभे राहिले. सिस्टरांनी ओळखलं. "बाबा, गोळीसाठी आला का बुंदीसाठी?" "दोन्हीसाठी," ते म्हणाले.

यात्रेतल्या बऱ्याच जणांत मलेरिया निघाला. कुणाकुणात, ते सिस्टरांनी मांडवात सांगितलं नाही. ज्याचं त्याला त्याच्या घरी जाऊन सांगितलं. काकींचं तेवढं काकींनीच सगळ्यांना सांगितलं, जगन्नाथाच्या प्रसादासारखं.

बाळासाहेब बराच वेळ कारंज्यापाशी उभे होते. मग ट्रकपाशी गेले आणि मुकादमाला म्हणाले, "सामान खाली घ्या." आणि परत येताना, मान वर न करता, "समद्यांनी जेवायला या." सुगनीला काकींनी आपल्या शेजारी बसवलं. तिला आमची बुंदी आवडली. सिस्टरांनी त्याच दिवशी केंद्रातून किटली आणवली आणि कारंजं पुन्हा काळं केलं. रंगीत मासे आले, ते बाळासाहेबांनी शाळेला दिले.

सुगनीला मुलगी झाली, आमच्याच केंद्रात, दोघीही धडधाकट. रस्ता पुरा झाल्यावर पालं उठली, ती आपल्या वेळेनं उठली. सुगनी जाताना सिस्टरांच्या गळ्यात पडून पुष्कळ रडली. सिस्टर रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "आता कुठं जानार?" उत्तर मात्र नीट ऐकून ठेवलं. रांचीच्या अलीकडं कुठलंसं गाव.

त्यानंतर कोरोना आला आणि सगळं जग एकमेकांना विचारू लागलं, कुठं गेला होतात. सिस्टर म्हणायच्या, "बघ, आता टीव्हीवालेबी माझंच बोलायला लागले." गंगाजळाची एक सीलबंद बाटली काकींनी त्यांना दिली होती, ती त्यांच्या कपाटात कुराणशरीफच्या खालच्या फळीवर असे. आधी उजेडात धरून आत अळ्या नाहीत ना, हे त्यांनी तपासून घेतलं होतं. काकी त्यावर आठवडाभर रुसल्या होत्या.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या वर्षी भजनी मंडळाची पुन्हा तीच यात्रा निघाली. काकींनी जाहीर केलं, "मेहरून आल्याबिगर गाडी हालायची न्हाई." आम्ही सगळे हसलो. मेहरून सिस्टर, ज्यांना नगरपर्यंत लिंबू लागतं! पण सिस्टरांनी दोन अटी घातल्या. एक, प्रत्येकाजवळ मच्छरदाणी पाहिजे. दोन, रांचीच्या अलीकडं गाडी थांबवायची. दोन्ही मान्य झाल्या. बाळासाहेबांनी स्वतः मच्छरदाण्या आणल्या. मी निरोप द्यायला गेले नाही, मला त्या दिवशी साठा तपासायचा होता. पण कोल्हारच्या पुलापर्यंत त्यांचं एक लिंबू संपल्याचं कळलं.

बस परत आली तेव्हा मात्र मी होते. गाव जमलं होतं, ताटं, हळदीकुंकू, पाय धुवायला पाण्याच्या कळश्या. यात्रेकरू एकेक करून उतरत होते आणि लोक वाकत होते. सगळ्यांत शेवटी मेहरून सिस्टर उतरल्या. चेहरा हिरवट, केस विस्कटलेले, मुठीत वाळून गेलेलं लिंबू. पाया पडायला आलेल्या पोरींना त्यांनी कोपरानं बाजूला सारलं आणि थेट माझ्यासमोर येऊन बोट पुढं केलं.

"आधी माझं घे."

मी सुई काढली आणि इतक्या वर्षांचा हिशेब एकदाच चुकता केला.

"कुठं गेल्ता?"

सिस्टर बसच्या पायरीवरच बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला लागल्या. गंगा केवढी रुंद दिसते. सुगनीची पोरगी किती उंच झाली, कशी लाजत लाजत पुढं आली आणि तिच्या झोपडीत मच्छरदाणी कशी टांगलेली होती. काशीला काकींचा हात सुटला तेव्हा काय झालं. मी बोट टोचलं, थेंब घेतला, संत्र्याची गोळी तोंडात घातली, तरी त्या बोलतच होत्या. लोक पाण्याच्या कळश्या खाली ठेवून भोवती बसले. काकी मधून मधून दुरुस्त्या करत होत्या. ड्रायव्हरला गाडी लावायची होती, पण सिस्टर पायरीवरून उठेनात.

थोड्या वेळानं मी किट उजेडात धरून बघितलं आणि त्यांना सांगितलं, "सिस्टर, काही निघालं नाही."

"थांब गं," त्या हातानंच मला गप्प करत म्हणाल्या, "अजून जगन्नाथपुरी तर यायचीय."